परडं किती कोंबड्या पोसतं?

दिवेलागणीला कोंबड्या खुराड्यात शिरल्या की एकेकीला उचला आणि मानेच्या बुडाशी, किंचित उजव्या अंगाला बोटं लावून पाहा. तिथे अन्नाची पिशवी असते. दिवसभर टिपलेलं सगळं आधी त्या पिशवीत साठतं आणि रात्रभर सावकाश खाली उतरतं. पिशवी लिंबाएवढी, भरीव आणि दाणेदार लागली तर कोंबडीचं दिवसाचं भागलं आहे. हाताला नुसती सैल कातडी लागली तर ती उपाशी झोपते आहे. सकाळी दार उघडण्याआधी हीच पिशवी रिकामी असली पाहिजे. सकाळीही ती कडक असेल तर आत लांब गवताचा गोळा अडकला आहे असं समजावं.

बाजारातलं पोतं बंद करून कोंबड्या पोसायच्या असतील तर पहिली शिकायची गोष्ट ही. पोत्यातलं खाद्य ज्यांनी बनवलं, त्यांनी कोंबडीला काय लागतं याचा हिशेब तुमच्यासाठी करून ठेवलेला असतो. पोतं सोडलं की तो हिशेब आपल्या अंगावर येतो, आणि त्याचा ताळा बघायला ही पिशवी हाताशी असते.

पोतं सोडावंसं का वाटतं, हे कोंबड्या पाळणाऱ्याला सांगायला नको. या धंद्यात होणाऱ्या एकूण खर्चापैकी ६० ते ७० टक्के खर्च खाद्यावर होतो. पोत्यातलं मुख्य धान्य मका आणि मुख्य प्रथिन सोयाबीनची पेंड. २०२१च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात सोयाबीन इतकं कडाडलं की केंद्र सरकारला त्या ऑगस्टमध्ये १२ लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी द्यावी लागली. मोठ्या फार्मनी तो काळ कसाबसा काढला. दारात दहा कोंबड्या असलेल्या बाईला असा भाव परवडत नाही, आणि खरं तर त्या बाजाराशी तिला काही देणंघेणं असायचंही कारण नाही. २०१९च्या पशुगणनेत देशातली परसातली कोंबडी ३१ कोटींच्या वर भरली, आधीच्या गणनेपेक्षा ४५ टक्क्यांनी जास्त. या कोंबड्यांचं पोट प्रामुख्याने परड्यावरच भरतं.

पण कोणती कोंबडी, हे आधी ठरवायला हवं. वर्षाला ३००च्या वर अंडी देणारी पिंजऱ्यातली संकरित कोंबडी परड्यावर सोडून तिच्याकडून तेवढ्याच अंड्यांची अपेक्षा धरली तर ती स्वतःच्या हाडांतून चुना काढून अंडी घालते आणि काही महिन्यांत खंगते. गावरान कोंबडी वर्षाला ६०-८० अंडी देते, खुडूक बसते, पिल्लं सांभाळते आणि दिवसभर चरते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या वनराजा आणि ग्रामप्रिया, बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा या मधल्या वाटेच्या जाती आहेत. त्या गावरानपेक्षा जास्त अंडी देतात किंवा वजनाला भरतात, चरतातही. पण वरचं खाद्यही जास्त मागतात. पोत्याशिवाय पहिल्यांदाच सुरुवात करणाऱ्याने गावरानच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता हिशेब. अंड्यावर आलेली मध्यम अंगाची कोंबडी दिवसाला साधारण १०० ते ११० ग्रॅम सुकं खाद्य खाते. अंड्यावरच्या कोंबडीच्या पोत्यात १६ ते १८ टक्के प्रथिनं आणि साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं. बाकी मोठा भाग ताकद देणाऱ्या धान्याचा, आणि वर चिमूटभर जीवनसत्त्वं, क्षार, मीठ. म्हणजे चार गरजा झाल्या: ताकद, प्रथिन, चुना आणि बारीकसारीक. परड्यात सोडलेली कोंबडी यांतलं काही ना काही रोज स्वतः मिळवते. किडे, अळ्या, गांडुळं यांतून प्रथिन. कोवळं गवत आणि पाल्यातून जीवनसत्त्वं. उन्हातून ड जीवनसत्त्व. तिला सगळ्यात कमी पडते ती ताकद, कारण किडे आणि पाला पोट भरतात पण दिवसभराच्या धावपळीला पुरत नाहीत. म्हणून परसातल्या कोंबडीला वरून द्यायची पहिली गोष्ट धान्य. प्रथिनाची तूट ऋतूप्रमाणे येते-जाते. चुन्याची तूट अंड्यावर आल्यावर पडते. आपलं काम एवढंच की कोंबडीला पूर्ण जेवण वाढायच्या फंदात न पडता, परडं जिथे कमी पडतं तिथली तूट भरायची.

परड्यालाही मर्यादा असते. उकिरडा, गोठ्याची कड, सांडपाण्याचा पाट, बांध, शेजारचं पडीक रान, एवढ्यातून रोज ठरावीकच दाणा-किडा निघतो. त्यावर पाच कोंबड्या असतील तर प्रत्येकीचा वाटा मोठा. वीस झाल्या तर वाटा घटतो, आणि गंमत म्हणजे अंड्यांची एकूण संख्या फारशी वाढत नाही, धान्याचा खर्च मात्र वाढतो. म्हणून पाच-सहांपासून सुरू करावं. संध्याकाळच्या पिशव्या भरलेल्या मिळत असतील तर दोन-दोनने वाढवत जावं. ज्या वाढीला पिशव्या हलक्या पडायला लागतात, तिथे परड्याची हद्द आली. त्यापुढची प्रत्येक कोंबडी पूर्ण तुमच्या खर्चाने जगणार.

धान्य किती लागेल? अर्धं पोट परडं भरतं असं धरलं तर कोंबडीमागे ५० ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक मूठ. एकदा तराजूवर आपली मूठ तोलून घ्यावी, मग रोज तोलायची गरज नाही. दहा कोंबड्यांना रोज अर्धा किलो, महिन्याला १५ किलो, वर्षाला १८० किलो. हे सगळं शेतात पिकवायचं म्हटलं आणि कोरडवाहू ज्वारी एकरी ४ क्विंटल धरली तर गुंठ्याला १० किलो पडते. म्हणजे १८ गुंठे, जवळजवळ अर्धा एकर, नुसत्या दहा कोंबड्यांसाठी. हा आकडा डोळ्यांपुढे असला की कळतं, चांगलं धान्य कोंबड्यांना घालून हिशेब बसत नाही. जुन्या घरांत ते कधी घातलंही जात नसे. खळं उचलल्यावर खाली राहिलेलं मातीमिश्रित मातेरं, सुपातून पाखडून निघालेले पोचट दाणे, गिरणीतली तांदळाची कणी, डाळ भरडल्यावर उरलेली चुणी, जात्याभोवतीचं सांडलेलं पीठ, हा कोंबड्यांचा वाटा. आजही मळणीयंत्राखालचं मातेरं बरेच जण तिथेच सोडतात. ते चाळून, उन्हात दोन दिवस वाळवून गोणीत भरलं तर एका हंगामात कित्येक महिन्यांची बेगमी होते. डाळमिलजवळ राहणाऱ्यांना तुरीची आणि हरभऱ्याची चुणी मिळते. ती भिजवून शिजवून घालावी, कारण कच्च्या कडधान्यातले काही घटक प्रथिन पचू देत नाहीत.

धान्यांतही फरक आहे. बाजरीत प्रथिन ११ टक्क्यांच्या आसपास आणि तेलही जास्त, त्यामुळे थंडीत बाजरी उत्तम. ज्वारी १० टक्के, मका ९, तांदळाची कणी ७-८. मालदांडीसारखी पांढरी ज्वारी निर्धास्त घालावी; लालसर, तुरट ज्वारीतल्या टॅनिनमुळे प्रथिनाचं पचन घटतं, ती थोडीच घालावी. आणि कोकणात, मावळात जिथे कणी स्वस्त मिळते तिथे नुसत्या कणीवर कोंबड्या ठेवू नयेत. यामागे मोठा इतिहास आहे. १८९०च्या दशकात बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तामध्ये, क्रिस्तियान आइकमान हा डच डॉक्टर बेरीबेरीवर संशोधन करत होता. त्याच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडू लागले, माना वाकड्या झाल्या. मग काही दिवसांनी त्या आपोआप बऱ्या झाल्या. शोध घेतला तेव्हा कळलं की मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयातला उरलेला पांढराशुभ्र भात घातला जात होता. नव्या आचाऱ्याने तो द्यायचं नाकारलं आणि कोंबड्या पुन्हा साध्या, कोंडा न काढलेल्या तांदळावर आल्या. तांदळाच्या कोंड्यात काहीतरी जीव राखणारं आहे, हे या कोंबड्यांनी दाखवलं. ते बी-१ जीवनसत्त्व. आइकमानला १९२९ मध्ये नोबेल मिळालं. आपल्या परड्यासाठी यातला धडा सरळ आहे: कणी घालायची तर तिच्याबरोबर कोंडा घालायचा.

कोंडा घेताना गिरणी बघावी. जुन्या हलर गिरणीत भाताचं तूस आणि कोंडा एकत्र भरडून निघतो. त्यात तुसाचाच भाग जास्त, कोंबडीला त्याचा फारसा उपयोग नाही. तूस आधी वेगळं काढणाऱ्या गिरणीत नंतर निघणारा मऊ, तेलकट, हाताला चिकटणारा कोंडा खरा. त्यात १२-१३ टक्के प्रथिन असतं. तेलामुळे तो लवकर खवट होतो, म्हणून आठवड्याला लागेल तेवढाच आणावा.

धान्य संध्याकाळी घालावं. सकाळी मूठ मिळाली की कोंबड्या दाराशीच घुटमळत बसतात, चरायला जात नाहीत आणि परड्यातलं फुकटचं प्रथिन तिथेच राहतं. संध्याकाळच्या दाण्यामुळे त्या वेळेवर परततात, मोजता येतात, आणि रात्रभर पिशवीत दाणा राहिल्याने थंडीतही अंगात ऊब टिकते.

प्रथिनावर मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण इथेच सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले मिळतात. हल्ली परसातल्या कोंबडीचा विषय निघाला की पहिलं नाव अझोलाचं येतं. अझोला हे पाण्यावर तरंगणारं नेचे. त्याच्या पानांत राहणारी निळी-हिरवी सूक्ष्म शैवालं हवेतला नत्र धरतात, म्हणून ते शेणाच्या पाण्यावर झपाट्याने वाढतं. सहा फूट लांब, तीन फूट रुंद खड्डा, त्यात जाड प्लॅस्टिकचा कागद, वर दहा-पंधरा किलो चाळलेली माती, दोन किलो शेण, चिमूट-दोन चिमूट सुपर फॉस्फेट, चार बोटं पाणी आणि अर्धा-एक किलो बेणं. दहा-बारा दिवसांत खड्डा झाकून जातो. सुक्या अझोल्यात २० ते २५ टक्के प्रथिन असतं, हे खरं. पण कोंबडीला आपण घालतो तो ओला, आणि ओल्या अझोल्यात ९३ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. म्हणजे १०० ग्रॅम ओल्या अझोल्यातून जेमतेम दीड ग्रॅम प्रथिन. तेवढंच प्रथिन १५ ग्रॅम ज्वारी देते. मराठवाडा-विदर्भाच्या एप्रिल-मेच्या उन्हात तर खड्डा गडद सावलीत नसेल तर अझोला टिकतच नाही. अझोला जरूर करा, उन्हाळ्यात हिरवं काही नसताना तो जीवनसत्त्वांसाठी आणि बलकाच्या रंगासाठी फार उपयोगी आहे, नीट धुऊन शेणाचा वास घालवून द्या. फक्त तो प्रथिनाची जागा भरेल या भरवशावर राहू नका.

प्रथिन खरं भरून काढतात ते किडे, मासळी आणि पेंड. १० ग्रॅम सुक्या जवळ्यातून पाच-सहा ग्रॅम प्रथिन मिळतं, तेही अव्वल दर्जाचं. किनाऱ्यावर जवळ्याचा चुरा, चाळणीखालचा भुगा स्वस्तात मिळतो. त्यात वाळू नाही ना आणि तो मिठात खारवलेला नाही ना, जिभेवर चिमूट ठेवून बघावं. जास्त मीठ कोंबडीला मारक ठरतं. भुईमुगाच्या पेंडीत ४०-४५ टक्के प्रथिन, म्हणजे २० ग्रॅमला आठ ग्रॅम. पण भुईमुगाच्या प्रथिनात लायसिन आणि मिथिओनिन ही दोन अमिनो आम्लं कमी. तिळाच्या पेंडीत मिथिओनिन भरपूर असतं, म्हणून घाण्यावरून दोन्ही थोड्या थोड्या आणून मिसळाव्यात. मिथिओनिन कमी पडलं की कोंबड्या एकमेकींची पिसं उपटून खायला लागतात. कळपात पाठ उघडी पडलेली कोंबडी दिसली की आधी प्रथिनाकडे बघावं. घरचं सोयाबीन असेल तर ते कच्चं कधीच घालू नये. रात्रभर भिजवून अर्धा तास चांगलं उकळावं, किंवा कढईत कच्चा वास जाईपर्यंत, साल तडकेपर्यंत भाजावं. सरकीची पेंड गुरांना चालते, कोंबडीला नको. तिच्यातल्या गॉसिपॉलने कोंबडीला अपाय होतो आणि अंड्याचा बलक हिरवट-काळसर पडतो.

पण पेंडही विकतचीच. किडे फुकट, आणि किड्यांची सोय करण्यात खरं कौशल्य आहे. आपल्याकडे पिल्लांसाठी वाळवी फोडून आणायची चाल जुनी. पश्चिम आफ्रिकेत, बुर्किना फासो, टोगो या भागांत शेतकऱ्यांनी तीच गोष्ट अधिक सुबक केली आहे, आणि ती आपल्याकडे जशीच्या तशी चालते. जुनं, तोंड फुटलेलं मडकं घ्यायचं. त्यात सुक्या गोवरीचा चुरा, कडब्याची चिपाडं, उसाचं पाचट दाबून भरायचं आणि पाणी शिंपडून ओलसर करायचं. बांधावर किंवा कुंपणाच्या लाकडाखाली जिथे वाळवीची मातीची नळी दिसते ती नळी काठीने फोडायची आणि तिथेच मडकं पालथं घालायचं. वरून गोणपाट आणि पालापाचोळा, म्हणजे ऊन लागत नाही. संध्याकाळी लावलेलं मडकं दुसऱ्या सकाळी ऊन चढण्याआधी उचलायचं. ते उलटं करून काठीने ठोकलं की आतून पांढऱ्या वाळवीचा लगदा पडतो, आणि मडक्याचा आवाज ओळखायला लागलेली पिल्लं तुमच्याआधी तिथे पोचलेली असतात. उशीर केला तर वाळवी परत मातीत उतरते. घराच्या भिंतीशी किंवा लाकडी खांबाशी हे मडकं लावू नये, लांब बांधावर लावावं. आणि देवाचं म्हणून राखलेलं वारूळ मोडायची यात गरजच पडत नाही.

उकिरडा हा दुसरा खजिना. शेणखताचा ढीग एकाच ठिकाणी उंच रचला की आतून तापतो आणि कडेलाच थोडे किडे होतात. तोच ढीग कमरेएवढा पसरट ठेवून आठवड्यातून एकदा फावड्याने एक बाजू उलटली की आतल्या अळ्या आणि गांडुळं वर येतात आणि कोंबड्या उरलेलं काम करतात. खत चांगलं कुजतं ते वेगळंच. पावसाळ्यात ओल्या भाजीकचऱ्यात चपट्या, तपकिरी, खरखरीत अंगाच्या अळ्या दिसतात. त्या काळ्या सैनिक माशीच्या, ब्लॅक सोल्जर फ्लायच्या. बरेच लोक घाण समजून त्यांच्यावर औषध मारतात. ही माशी घरमाशीसारखी अन्नावर बसत नाही, मोठी झाल्यावर जवळजवळ खातच नाही, आणि तिच्या सुक्या अळीत ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिन असतं. अळी पूर्ण वाढली की स्वतःच कचऱ्याबाहेर कोरड्या जागेच्या शोधात चढते. कचऱ्याच्या पिंपाला आतून बाहेर जाणारी तिरकी फळी आणि फळीच्या टोकाखाली घमेलं ठेवलं की अळ्या आपोआप घमेल्यात गोळा होतात. एक नियम मात्र काटेकोर पाळावा: मेलेल्या जनावरावर किंवा मेलेल्या कोंबडीवर पडलेल्या अळ्या कधीही खाऊ देऊ नयेत. त्यांतून बोट्युलिझमचं विष जातं, कोंबडीची मान लुळी पडते आणि ती दगावते. मेलेलं काहीही खोल पुरावं.

चुन्याचा हिशेब अंड्यात दिसतो. एका टरफलात दोन ग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, आणि टरफल बनायला २० तास लागतात, त्यातला मोठा भाग रात्री. म्हणून संध्याकाळी, झोपण्याआधी, कोंबडी चुना शोधते. खुराड्याजवळ वेगळ्या वाडग्यात शिंपल्यांचा जाड चुरा कायम ठेवावा. कोकणात तिसऱ्यांची, कालवांची टरफलं भरपूर. देशावर काळ्या रानात सापडणारे चुनखडीचे खडे फोडून चालतात. अंड्यांची टरफलं धुऊन, तव्यावर भाजून, ओळखू येणार नाहीत इतकी बारीक करून घालावीत, नाहीतर कोंबडीला अंडी फोडायची खोड लागते. खाद्यात चुना मिसळू नये. जिला हवा ती खाते, जिला नको ती खात नाही, आणि या बाबतीत कोंबडीचा अंदाज आपल्यापेक्षा चांगला असतो. भिंतीला द्यायचा किंवा पानाला लावायचा चुना मात्र अजिबात नाही, तो तोंड आणि अन्ननलिका भाजून काढतो.

चुन्याचे खडे आणि दळणाचे खडे या दोन वेगळ्या गोष्टी. कोंबडीला दात नाहीत. खाटकाकडे कलेजीबरोबर जो पेठा मिळतो त्या जाड स्नायूच्या पिशवीत ती दाणे भरडते, आणि भरडायला तिला कठीण बारीक खडे लागतात. शिंपले तिथे विरघळून जातात. परड्यात फिरणारी कोंबडी खडे स्वतः टिपते. पावसात चार-आठ दिवस कोंडून ठेवायची वेळ आली तर नदीची जाड वाळू एका ताटात द्यावी.

हिरव्याचं फार मनावर घ्यायला नको, ते कोंबडी स्वतः बघते. फक्त ज्वारी, बाजरी किंवा तांदळावर असलेल्या कोंबडीचा बलक फिका पडतो, कारण पिवळा रंग मक्यात असतो, या धान्यांत नसतो. शेवग्याची पानं, लसूणघास, मेथी-कोथिंबिरीची देठं, झेंडूच्या पाकळ्या घातल्या की आठ-दहा दिवसांत बलक केशरी होतो. शेवग्याच्या सुक्या पानांत प्रथिनही चांगलं. कुंपणाला शेवगा लावून तो डोक्याएवढाच छाटत ठेवावा. सुबाभूळ थोडा चालतो, जास्त नको.

घरातलं खरकटं जरूर घालावं. भाकरीचा चुरा, भात, भाज्यांची सालं, तांदळाच्या धुवणात भिजवलेला कोंडा. लोणचं, पापड, फरसाण, खारवलेलं काही नको, आणि हिरवी पडलेली बटाट्याची सालं नकोत.

एका बाबतीत मी कुणाचीच सबब ऐकायला तयार नसतो, ती म्हणजे बुरशी. धान्याला ओल लागली, पेंडीला वास आला की घरात म्हणतात, "आता आपण नाही खाऊ शकत, कोंबड्यांना टाका." नेमकं हेच करायचं नाही. ओल्या मक्यावर आणि भुईमुगाच्या पेंडीवर येणारी हिरवट-पिवळी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष करते. ते यकृत खराब करतं, पिल्लं त्याला फार लवकर बळी पडतात आणि मोठ्या कोंबड्यांची अंडी कमी होतात. धुतल्याने, उकळल्याने ते जात नाही. मूठभर धान्य दोन्ही तळहातांत घासून हुंगावं. कुबट वास आला, दाण्याच्या अंकुराशी निळसर-हिरवं दिसलं, तर ते खतात जावं, आणि तेही कोंबड्या पोचणार नाहीत अशा खड्ड्यात. मातेरं वाळवताना दोन दिवसांचं ऊन सांगितलं ते याचसाठी. दाणा दाताखाली कडकन तुटला पाहिजे.

पाणी एकूण खाद्याच्या दुप्पट लागतं. दहा कोंबड्यांना दोन-अडीच लिटर, उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त. पाणी आटलं की दुसऱ्या दिवशी अंडं आटतं.

पिल्लांचा विचार वेगळा. पहिले आठ आठवडे त्यांना २० टक्क्यांच्या जवळपास प्रथिन लागतं आणि परड्यातल्या वाट्यासाठी ती मोठ्या कोंबड्यांशी झगडू शकत नाहीत. शिवाय शिंपल्याचा चुरा त्यांनी खाल्ला तर जादा कॅल्शियमने मूत्रपिंडं बिघडतात. यावर डालग्यासारखा उपाय नाही. बांबूचं डालगं तीन विटांवर टेकवून असं ठेवायचं की खालून पिल्लू सहज आत शिरेल, कोंबडी शिरणार नाही. आत बारीक भरडलेली बाजरी किंवा कणी, मुठीत चुरलेलं उकडलेलं अंडं, थोडा जवळ्याचा भुगा आणि सकाळच्या मडक्यातली वाळवी. अंडं पिल्लांना घालायचं कसंतरी वाटतं, पण पिल्लासाठी याहून चांगलं प्रथिन दुसरं नाही. आठ-दहा पिल्लांना पहिल्या आठवड्यात दिवसाआड एक अंडं पुरतं, आणि जगलेल्या प्रत्येक तलंगेच्या हिशेबात तो खर्च काहीच नाही. अर्थात मानमोडीची लस वेळेवर दिली नसेल तर हे सगळं वाया जातं. ती पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावी.

आधी पोत्यावर असलेला कळप एका दिवसात परड्यावर सोडू नये. दोन-तीन आठवडे संध्याकाळच्या पोत्यातल्या खाद्यात धान्य वाढवत न्यावं आणि सकाळचं बंद करावं. या काळात अंडी घटतात, नंतर थोडी परत वाढतात, पण पोत्यावरचा आकडा परत येत नाही. तो येईल असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. परड्यावरचं अंडं कमी खर्चात मिळतं, जास्त संख्येने नाही.

आणि वर्षभर एकच माप चालत नाही. मृगाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी पंख फुटलेली वाळवी उडते, कोंबड्या त्या दिवशी दाण्याकडे बघतही नाहीत. तिथपासून भाद्रपदापर्यंत प्रथिनाची ददात नाही, धान्य मात्र घरात संपत आलेलं असतं. तेव्हा मूठ अर्धी केली तरी चालते. आश्विन-कार्तिकात बाजरीची मळणी, भाताची झोडणी, गवताचं पिकलेलं बी; वर्षातले सगळ्यात सुखाचे दिवस. याच वेळी खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवावीत, म्हणजे पिल्लं भरल्या परड्यात वाढतात. रब्बीची ज्वारी फाल्गुनापर्यंत हाताशी येते. मग चैत्र येतो. गवत वाळतं, किडे खोल जातात, वाळवीही वर येत नाही. धान्य असूनही प्रथिन आणि हिरवं संपतं. पेंड, जवळा, अझोला, मोड आणलेली मटकी, राखून वाळवलेली शेवग्याची पानं, जे काही विकत किंवा साठवणीतलं घालायचं ते पावसापर्यंतच्या या तीन महिन्यांसाठी ठेवावं. नुसत्या धान्याची मूठ वाढवून काही साधत नाही. कोंबडी माजते, अंडी देत नाही.

कळप कमी करायचाही हाच काळ. कार्तिकातल्या पिल्लांमधले नर चैत्रापर्यंत चार-पाच महिन्यांचे होतात, आणि माघापासून वैशाखापर्यंत गावोगावच्या जत्रांमुळे गावरान कोंबड्याला वर्षातला चांगला भाव असतो. दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा राखावा, बाकीचे तेव्हाच विकावेत. अंडी सोडून दिलेल्या म्हाताऱ्या कोंबड्याही त्यांच्याबरोबर जाव्यात. उरलेल्यांच्या पिशव्या त्यानंतर आठवडाभर रोज संध्याकाळी चाचपाव्यात, आणि त्यावरून मे महिन्याची मूठ ठरवावी.